माळ्यावरचं रडणं

कुरुंद्यात चैत्र लागला की गाव पिवळं होतं. शिजवलेली हळद अंगणात, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला, जागा मिळेल तिथं वाळत पडते. तिची धूळ पापण्यांवर बसते, चुलीवरच्या दुधावर बसते, दोरीवरच्या धुण्यावर बसते. एवढंच कशाला, मांजरांचे पंजेसुद्धा पिवळे होतात.

पुनमला पहिली धडकी भरली ती या पंजांनीच. सकाळी ओसरी झाडायला ती बाहेर आली, तर हळदीच्या शेडपासून अंगणभर आणि अंगणातून थेट रुद्रच्या झोळीखालपर्यंत बारीक बारीक पिवळी पावलं उमटलेली. झोळीखाली येऊन ती थांबली होती. परत गेल्याची खूण कुठंच नव्हती.

"मांजर असंल," तिची सासू नर्मदाबाई म्हणाली आणि ओल्या फडक्यानं फरशी पुसून मोकळी झाली. "झोळीवरून खिडकीत गेली असंल उडी मारून. तू काहून अशी खांबागत उभी राहिली? चहा ठेव."

पुनमनं चहा ठेवला. पण झोळीवरून मांजर उडी मारून गेलं असतं तर पाच महिन्यांचं लेकरू जागं झालं नसतं का, हे तिच्या मनातून जाईना. रुद्र तर मुठी आवळून गाढ झोपला होता, आणि झोपेत हसत होता. झोपेतल्या लेकराला सटवाई हसवते म्हणतात. पुनमला आता हे असलं काही आठवायलाही नको वाटायचं.

कारण रुद्र काही तिचं पहिलं लेकरू नव्हतं. दोन वर्षांमागं तिला मुलगी झाली होती. झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. पाचवी पुजायच्या आत गेली, म्हणजे सटवाईनं कपाळावर चार अक्षरं लिहायच्याही आत. अंगाला हळद-तेल लागलं नव्हतं, कानात नाव सांगितलं नव्हतं. पुनम तेव्हा वसमतला दवाखान्यात सलाईन लावून पडलेली. तिचा नवरा हरीश आणि चुलत सासरे ते एवढंसं गाठोडं घेऊन शेतात गेले आणि हात धुऊन परत आले. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या बाभळीपाशी कुठंतरी, एवढंच तिला कळलं. ती घरी आली तेव्हा सगळं घर सारवून-पुसून लख्ख केलेलं होतं, आणि त्या दिवसापासून कुणी एक अवाक्षर काढलं नाही.

"अशा लेकराची आठवण बोलून दाखवू नये," नर्मदाबाईनं एकदाच बजावलं होतं. "बोललं की त्येला घराची वाट सापडती."

पुनमच्या वडलांनी त्या बाळंतपणाआधीच साखऱ्याहून पाळणा पाठवला होता. सागवानी, चारी कोपऱ्यांना पोपट, पितळी कड्या. लेकराला पाळण्यात घालतात ते बारशाला, बाराव्या दिवशी. त्यामुळं त्या पाळण्यात कुणी निजलंच नाही. हरीशनं तो शेडमागच्या माळवदाच्या खोलीत नेला आणि माळ्यावर, वरच्या लाकडी सरीला टांगून ठेवला, उंदरांनी कुरतडू नये म्हणून. रुद्र झाला तेव्हा पाळणा खाली काढा, असं कुणी म्हणालं नाही. नर्मदाबाईनं आपल्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली. विषय संपला.

विषय संपला, पण रडणं सुरू झालं.

भर दुपारी. रात्री नव्हे, रात्री घरात माणसं असतात, पंखा असतो, हरीशचं घोरणं असतं. दुपारी हरीश शेतात हळद शिजवायला, नर्मदाबाई अंगणातली हळद उलथीपालथी करून दमून लवंडलेली, गावात कुत्रंसुद्धा भुंकत नाही अशी वेळ. तेव्हा त्या माळवदाच्या खोलीतून एक बारीक, चिरकं रडणं यायचं. थांबायचं. पुन्हा यायचं. आणि मधेच लाकडावर लोखंड घासल्यागत एक आवाज, करर, करर.

थंडीच्या दिवसांत मांजरी माजावर आल्या होत्या, तेव्हाही त्या अशाच ओरडायच्या, माणसाच्या लेकरागत. सगळ्या गल्लीची झोप उडायची. हे तसलंच काहीतरी आहे, हे पुनमच्या डोक्याला पटत होतं. पण तिच्या अंगाला पटत नव्हतं. ते रडणं कानावर पडलं की तिचा पान्हा फुटायचा. रुद्र झोळीत निवांत झोपलेला, आणि इकडं ब्लाऊज भिजून पदरापर्यंत ओल यायची. मग रुद्र उठून रडायला लागला की छाती रिती. तो ओढून ओढून वैतागायचा, तोंड फिरवायचा. अंगणवाडीच्या बाई काट्यावर त्याला ठेवून म्हणाल्या, "पुनम, या खेपेला वजन वाढलं न्हाई गं. दूध पाजून राहिली ना बराबर?"

पाजून तर राहिली होती. फक्त कुणाला, ते तिला सांगता येत नव्हतं.

आणि मग ती दुपार आली. पुनम ओसरीवर रुद्रला मांडीवर घेऊन बसली होती, एवढं तिला आठवतं. पुढचं आठवतं ते असं, की आपण माळवदाच्या खोलीच्या दारात उभ्या आहोत, हात कडीवर आहे, पायांना अंगणातली गरम हळद चिकटलेली आहे, आणि मागून नर्मदाबाईची किंकाळी.

रुद्र ओसरीच्या पार काठाला होता. नुकताच तो पालथं व्हायला शिकला होता. एक हात काठाखाली लोंबत होता आणि खाली कमरेएवढ्या खोलवर दगडी पायरी. नर्मदाबाईनं धावत येऊन त्याला उचललं.

"अगं कुठं गेली होती लेकरू टाकून?"

"मांजर," पुनम म्हणाली.  "मांजर रडून राहिलं होतं."

नर्मदाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग खोलीच्या दाराकडं पाहिलं, आणि रुद्रला छातीशी धरून आत गेली.

त्या संध्याकाळी पुनमच्या मनानं घेतलं, हे रडणं बंद झालं पाहिजे. नाहीतर आपण पुन्हा अशा उठून जाऊ, आणि मागं किंकाळी मारायला कुणी नसेल.

समोरच्या घरात हलीमाचाची गोधड्या शिवायची. गल्लीतली अर्धी मांजरं तिच्या दारात जेवायची, म्हणून तिला बायका मांजरांची आई म्हणायच्या आणि ती ते कौतुक म्हणून घ्यायची. पुनमनं तिला सगळं सांगितलं नाही. मांजरं लई रडतात, लेकरू दचकतं, इतकंच सांगितलं.

चाचीनं सुईतून दोरा ओढला. "माझ्या दारातल्या रडतात का? बघ त्या भिंतीवर. तिचा डावा कान बघ."

भिंतीवरच्या मांजरीच्या डाव्या कानाचं टोक कातरीनं कापल्यागत सपाट होतं.

"ऑप्रेशन झाल्याची निशाणी है ती. आपल्या तरन्नुमनं केलं. माझी भाची, वसमतला जनावरांची डॉक्टर झाली ना. पिंजऱ्यात धरायची, भूल देऊन पिशवी काढायची, टाके घालायचे, आणि जिथली तिथं आणून सोडायची. पुन्हा माज न्हाई, पिल्लं न्हाई, रडणं न्हाई. उंदीर तेवढे बराबर धरते."

"दुखत न्हाई का त्यांना?"

"दर साली दोनदा पिल्लं व्हायची, आणि त्यातली निम्मी कुत्र्यांच्या तोंडी नाहीतर टेम्पोखाली. ते दुखत न्हाई व्हय बेटा? मी गोणपाटात गुंडाळून पुरू पुरू थकले."

पुरू पुरू, या शब्दावर पुनम उठून उभी राहिली. "रविवारचं ठरवा तुमच्या भाचीशी," ती म्हणाली.

घरी हरीश हसला. "मांजरींचं कुटुंब नियोजन? मग नारळ फोडायला कुणाला बोलवायचं?" पण तो तयार झाला. हळदीच्या पोत्यांना उंदीर नको म्हणून मांजरं हवीत, आणि मांजरं फार झाली तर पोत्यांवरच घाण करतात, हा हिशोब त्याला पटला. शेजारची मिराबाई कुंपणावरून ओरडली, "पुनम, ऑप्रेशन केल्यावर मांजरीला स्टीलची बादली भेटती का गं? मला तर फुटकी भेटली होती!"

नर्मदाबाई हसली नाही. "मांजर सटवाईचं जनावर हाय," ती म्हणाली. "घरात अंगावर पिणारं लेकरू हाय. त्या मुक्या जिवाची कूस कापून तुला काय भेटणार?"

"झोप भेटंल, आत्याबाई."

"मला बी ऑप्रेशनच्या कॅम्पात नेलं होतं हरीश झाल्यावर. शाळेच्या वऱ्हांड्यात रांगेनं झोपवलं होतं आमाला, सतरंजीवर. काय कापलं, काय ठेवलं, कुणी इचारलं न्हाई, कुणी सांगितलं न्हाई." ती उठली, पदर झटकला. "मांजरीला तरी कोण इचारणार हाय."

 पण पुनमला रुद्रचा काठाखाली लोंबणारा हात दिसत होता.

शनिवारी संध्याकाळपासून गल्लीत कुणी मांजरांना घास घातला नाही. चाचीनं जाळीचे पिंजरे आणून शेडमध्ये मांडले, आत सुकटीची चिमूट टाकली. उजाडायच्या आत बोका अडकला. मागून त्याची करडी जोडीदारीण. कबरी मात्र तिसऱ्या पिंजऱ्याभोवती फिरत राहिली. पांढऱ्यावर काळे-तांबडे डाग असलेली ती हाडकी मांजर, शेडची खरी मालकीण. ती आत जायची नाही आणि लांबही जायची नाही. सूर्य चांगला वर आला तेव्हा भूक जिंकली. खट्कन दार पडलं.

कबरीनं जाळीवर अंग आपटलं नाही, फिस्कारली नाही. ती माळवदाच्या खोलीकडं तोंड करून बसली आणि एकदाच, खोल घशातून ओरडली.

नर्मदाबाई तिथंच उभी होती. तिनं पिंजऱ्याच्या कडीला हात घातला, तोंड उघडलं, जणू काही बोलणार. मग हात काढून घेतला. "न्या," ती म्हणाली आणि पाठ फिरवली.

हरीशनं तिन्ही पिंजऱ्यांवर गोणपाट टाकलं, कारण अंधारात जनावर शांत राहतं असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं, आणि वसमतला जाणाऱ्या हळदीच्या टेम्पोत पिंजरे ठेवून तो गेला.

पुनमनं त्या दिवशी कितीतरी दिवसांनी निवांत भाकरी खाल्ली. रुद्रला न्हाऊ घातलं, झोळीत टाकलं, झोका दिला. अंगणातली हळद उन्हानं तडतडत होती. गाव गप्प झालं.

आणि रडणं सुरू झालं.

पहिल्यांदा तिला वाटलं भास आहे. मग वाटलं, रुद्र. पण तो झोपला होता. रडणं माळवदाच्या खोलीतूनच येत होतं. आज ते थांबत नव्हतं. रोज थांबून थांबून यायचं, आज एकसारखं, जसं भुकेलं लेकरू आशा सुटली की रडतं तसं. आणि आज ते करर करर नव्हतं. नुसतं रडणं.

शेडमधली मांजरं तर सगळी गेली होती. तिनं स्वतः मोजून टेम्पोत चढवली होती. मग हे कोण?

तिच्या ब्लाऊजवर ओल पसरली. तिनं झोळीची दोरी घट्ट धरली, दोन्ही हातांनी, पुरात माणूस झाड धरतो तशी. जायचं नाही. लेकरू टाकून जायचं नाही. तिला सांगावंसं वाटत होतं, बाई, मी येत नाही, मला येता येत नाही. पण सांगायचं तर नावानं हाक मारावी लागते, आणि नाव तर कुणी ठेवलंच नव्हतं.

फोन वाजला तेव्हा ती दचकून ओरडलीच.

"पुनमताई, मी तरन्नुम बोलतेय. ती तिरंगी मांजर टेबलावर घेतलीय. तिला दूध आहे. भरपूर. घरी पिल्लं आहेत का?"

"पिल्लं?"

"असणारच. फार तर दोन-तीन आठवड्यांची. मला आधी कुणी सांगितलं नाही, नाहीतर आज तिला धरूच दिलं नसतं. आता भूल दिलीय, तर मी कुशीत छोटा चिरा घेऊन काम उरकते. पोटावर नाही, म्हणजे पिल्लांना पिता येईल. पूर्ण शुद्धीवर आली की संध्याकाळी मी स्वतः घेऊन येते. तोवर पिल्लं शोधा, ऊब द्या. गाईचं दूध अजिबात नको, त्यांना सोसत नाही. शेळीचं असेल तर कोमट करून थेंब थेंब. ऐकताय ना?"

पुनम ऐकत होती. फोन खाली ठेवून ती वळली तर नर्मदाबाई दारात उभी. तिचा चेहरा उतरला होता.

"आत्याबाई, तुमाला ठाऊक होतं."

नर्मदाबाई खाली बसली. "मांजरीची पिल्लं पाह्यली तरी बोलू नये," ती म्हणाली. "डोळे उघडून चालायला लागस्तोर नाव काढायचं नसतं. माणसाच्या तोंडी आली की ती त्यान्ला उचलून नेती, नाहीतर टाकून देती. सात घरं फिरवती ती. आमच्या मायनं शिकवलं, तिच्या मायनं तिला. मी काय, पाप करू?"

"कबरीला नेलं तवा तरी बोलायचं!"

"तोंडात आलं होतं गं." म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तोंडात आलं होतं. न बोलायचीच सवय हाय मला."

"कुठं हाईत?"

नर्मदाबाईनं माळवदाच्या खोलीकडं पाहिलं. मग म्हणाली, "तू नको जाऊ वर. चाचीला बोलवते."

तेव्हा पुनमला कळलं कुठं आहेत.

तिनं सासूच्या मांडीवर रुद्रला दिलं आणि अंगण ओलांडलं. या खेपेला पाय तिचे होते, जात होती ती तीच होती. दोन वर्षांत तिनं ती कडी काढली नव्हती; दाराखाली मांजर जाईल एवढी फट तेवढी होती. खोलीत माठागत गारवा होता आणि जुन्या हळदीचा वास. शिडी माळ्याला टेकवलेली होती, आणि तिच्या पायऱ्यांवर धूळ नव्हती. कुणीतरी नेमानं चढत होतं. ती चढली.

झरोक्यातून येणाऱ्या उजेडात पाळणा स्थिर लटकत होता. चारी कोपऱ्यांचे पोपट तसेच. एका कडेला नख्यांचे ओरखडे. कबरी उडी मारून आत शिरायची तेव्हा कड्या करकरायच्या, ते इतके दिवस करर करर.

आत तीन पिल्लं होती. बोटभर शेपट्या, निळसर डोळे नुकतेच उघडलेले, तोंडं आभाळाकडं. रडून रडून एकाचा आवाज बसला होता. तोंड उघडत होतं, आवाज येत नव्हता. आणि त्यांच्या अंगाखाली एक पिवळं झबलं होतं, पांढऱ्या पाकळ्यांचं, आणि गोंडा लावलेलं टोपडं. पुनमनं ओळखलं. नर्मदाबाईनं पहिल्या बाळंतपणाच्या आधी हातानं शिवलं होतं. घर सारवलं गेलं तेव्हा तेही कुठंतरी गेलं, असं ती धरून चालली होती.

तिनं पिल्लांना हात लावला. गार पडत चालली होती.

"शेळी आटलीय म्हणं चाचीची," खालून नर्मदाबाईचा आवाज आला. रुद्रला कडेवर घेऊन ती शिडीपाशी उभी होती. "पावडर आणायला माणूस धाडू का?"

"इतक्यात न्हाई पुरायची." पुनमनं एक पिल्लू पदरात घेतलं. त्यानं तिच्या ओल्या ब्लाऊजला तोंड लावलं आणि वेड्यागत चोखायला लागलं, नुसतं कापड. "आत्याबाई, रुद्रचं दुधाचं बोंडलं द्या. आणि कापूस."

खालून तिची पावलं घराकडं गेली आणि परत आली. मग शिडी कुरकुरली. नर्मदाबाई दोन पायऱ्या चढून आली आणि हात वर करून तिनं बोंडलं दिलं, कापसाची वात दिली.  तोंड दुसरीकडं वळवून ती तशीच उभी राहिली, आडोसा धरावा तशी.

पुनमनं दूध पिळलं. आज ते आटलं नाही. वात भिजवून तिनं एकेकाच्या तोंडात धरली. आवाज बसलेलं पिल्लू आधी गिळेना. तिनं त्याचा गळा बोटानं चोळला, जसा रुद्रचा चोळायची, आणि एक थेंब आत गेला. मग दुसरा. इवलासा गळा हलायला लागला. झबल्याची कड तिनं त्याच्या अंगावर ओढली.

रडणं थांबलं. तिला वाटलं, आपलंच रडणं थांबलं.

"रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात," खाली बघत नर्मदाबाई म्हणाली. "पण मला तर तो पाहवतच नव्हता. ती कबरी पोट घेऊन जागा हुडकून राहिली होती. मी शिडी लावून दिली. झबलं अंथरलं. म्हणलं, शिवलेलं कुणाच्या तरी अंगाला लागू द्या."

 पुनमला हात खाली करून सासूच्या डोक्यावरचा पदर नीट करावासा वाटला, आणि तिनं तो केला.

ऊन कलल्यावर तरन्नुम आली, हलीमाचाचीसोबत, हातात गोणपाटानं झाकलेला पिंजरा घेऊन. चाचीनं दारातूनच बजावलं, "शिवू नका कुणी तिला, भडकलेली है. पोलिसात द्यायच्या तयारीत है सगळ्यांना." करडी आणि बोका उद्या येणार होते, कबरीला मात्र पूर्ण शुद्ध आली होती. तिचा डावा कान टोकाला सपाट झाला होता, आणि उजव्या कुशीवर केस काढलेल्या जागी बोटाच्या पेराएवढी टाक्यांची रेघ होती.

नर्मदाबाई पिंजऱ्यासमोर उकिडवी बसली. "डॉक्टरीणबाई, हिला भूल बराबर चढली होती का?"

"हो आजी. मी चिमटा काढून बघितलं, मगच हात लावला."

"मला चढली न्हवती," नर्मदाबाई म्हणाली. "मी बोलले, पण ते म्हणले, होतंच आहे आता."

 तरन्नुम म्हातारीशेजारी जमिनीवर बसली. "आजी, माझंही चुकलं. दूध आहे का ते पिंजऱ्यातच बघायला हवं होतं. आता पुढं आधी बघेन."

"चूक आमची," नर्मदाबाई म्हणाली. "आमी बोलत न्हाई."

खोलीत पिंजरा उघडला. कबरी बाणागत शिडीवरून वर गेली. कड्या करकरल्या. सगळे खाली मान वर करून उभे. वर एक चिरकं रडणं, मग चाटण्याचा खरखरीत आवाज, मग काहीच नाही.

त्या रात्री रुद्र दोन्ही बाजूंनी पोटभर प्याला आणि पिता पिताच झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुनम माळवदाच्या खोलीच्या उंबऱ्यात बसली, रुद्रला छातीशी घेऊन. शेजारी नर्मदाबाई हळदीच्या कांड्या निवडत होती. आता सगळ्यांनी पाहिलं होतं, सगळे बोलले होते, म्हणजे कबरी घर बदलणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

ती आलीच. एक पिल्लू मानगुटीला धरून शिडीवरून उतरली, दोघींच्या मधून गेली आणि अंगण ओलांडून हलीमाचाचीच्या कौलाखाली शिरली. परत आली. दुसरं नेलं. परत आली. तिसरं नेलं, ते आवाज बसलेलं. जाताना त्यानं रुद्रसारखीच एक मूठ आवळली होती. अंगणातल्या हळदीतून जाणाऱ्या-येणाऱ्या पावलांची एक वाट उमटली.

"झालं," नर्मदाबाई म्हणाली.

पण कबरी पुन्हा आली.

ती शिडी चढली. कड्या करकरल्या. पाळण्यात ती कुठं कुठं हुंगत असावी, झबलं उलटंपालटं करत असावी. बारीक खसफस येत राहिली. मग तिनं काठावरून डोकं बाहेर काढलं आणि खाली पुनमकडं पाहिलं. एकदाच ओरडली. विचारल्यागत.

 या खेपेला पुनमचं दूध ढळलं नाही. ते रुद्रच्या तोंडात होतं.

"न्हाई गं माय," ती म्हणाली. "आता न्हाई तिथं कुणी."

कबरी थोडी थांबली. मग उतरली आणि निघून गेली. पाळणा स्वतःशीच थोडा हलत राहिला आणि मंद मंद होत थांबला.

पुनमनं रुद्रला दुसऱ्या अंगाला घेतलं. अंगणात ऊन पांढरं पडलं होतं. कुठूनही रडण्याचा आवाज नव्हता.

"आत्याबाई," ती म्हणाली, "धुऱ्यावर ती नेमकी कुठं हाय?"

नर्मदाबाईचे हात हळदीत थांबले. आता ही उठून जाणार, असं पुनमला वाटलं.

"बाभळीच्या उगवतीच्या अंगाला," नर्मदाबाई म्हणाली. "मीच म्हणले होते हरीशला. म्हणलं, तिकडं ठेव. दुपारनंतर सावली तिकडंच पडती."